पब्लिक लँड, राजकारण आणि राहायचं कुठं: शिकारीला लागलेल्या मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

मी मूळचा माण तालुक्यातला, आता बरीच वर्षं अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात बिलिंग्जला राहतो. दर ऑक्टोबरला चार-पाच मित्रांबरोबर तंबू ठोकून एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, मागं जातो आणि रात्री शेकोटीजवळ हमखास वाद रंगतो, कुणाला मत द्यायचं, कुठलं राज्य चांगलं, कुठली जमीन कुणी अडवली. टेक्सास, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातली मराठी मंडळी फोनवर तेच तेच विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय.

भारतात शिकार गुन्हा आहे, मग इथं तुम्हाला काही वाटत नाही का?

वाटतं, म्हणूनच थोडं वाचलं. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं, कारण राजेरजवाडे आणि साहेब लोकांनी जंगलं रिकामी करत आणली होती. इथंही तसंच झालेलं, बाजारात मांस आणि कातडी विकायला म्हणून बायसन जवळजवळ संपवले. पण इथं ओरड करणाऱ्यांत शिकारीच पुढं होते. थिओडोर रूझवेल्ट वगैरेंनी १८८७ मध्ये बून अँड क्रॉकेट क्लब काढला, १९०० मध्ये बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा व्यापार रोखणारा लेसी कायदा आला, आणि हळूहळू असं ठरत गेलं की जंगली प्राणी कुणा एकाचा नाही, तो जनतेचा, राज्य सरकार तो सांभाळणार, सीझन आणि टॅग म्हणजे एका प्राण्याचा परवाना ठरवणार, आणि रानातल्या प्राण्याचं मांस कुणी विकायचं नाही. रँचवर चरणारं हरीणसुद्धा रँचवाल्याच्या मालकीचं नसतं. आता प्राणी सगळ्यांचा आहे हे खरं, पण तो ज्या जमिनीवर उभा आहे ती कुणाची, तिथं मला पाय ठेवता येईल का, सगळी भांडणं इथून सुरू होतात.

पब्लिक लँड म्हणजे नक्की किती आणि कुणाची?

फेडरल सरकारकडं साधारण ६४ कोटी एकर जमीन आहे, देशाच्या २८ टक्क्यांच्या आसपास. डोळ्यासमोर यावं म्हणून सांगतो, अख्ख्या महाराष्ट्राच्या आठपट. त्यातली सगळ्यात जास्त, २४ कोटी ५० लाख एकरच्या घरात, ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडं म्हणजे बीएलएमकडं आहे आणि १९ कोटी ३० लाख एकर फॉरेस्ट सर्व्हिसकडं. या दोन्ही ठिकाणी बहुतेक सगळीकडं शिकार करता येते. नॅशनल पार्क वेगळं, तिथं साधारणपणे बंदी.

आमच्या गावाला गायरान होतं. कुणीही गुरं सोडावीत, सरपण आणावं, आणि ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही त्याचीही दोन शेळ्यांची सोय व्हायची. नंतर चारी बाजूंनी कुंपणं आत सरकत गेली आणि भूमिहीन माणसाच्या शेळ्या आधी विकल्या गेल्या. मी पब्लिक लँडबद्दल एवढा हट्टी का, असं मित्र विचारतात तेव्हा मी हेच सांगतो. इथं माझ्या नावावर घराखालची जमीन सोडली तर काही नाही, तरी मला लाखो एकर रानात कुणाचीही परवानगी न मागता जाता येतं.

पण ही जमीन सगळी पश्चिमेलाच का?

कारण पूर्वेकडची आधीच वाटून झाली होती, आणि पश्चिमेला जे कोरडं, उंच, नापीक होतं ते कुणी घेतलं नाही, ते सरकारकडं राहिलं. नेवाडाची साधारण ८० टक्के जमीन फेडरल, यूटा आणि आयडाहो साठीच्या पुढं, वायोमिंग निम्म्याच्या जवळ, कोलोरॅडो ३६, मोंटाना २९. टेक्सासची गोष्ट निराळी, १८४५ मध्ये अमेरिकेत सामील होताना त्यांनी स्वतःची पडीक जमीन स्वतःकडंच ठेवली आणि पुढं विकून टाकली, म्हणून आज तिथं फेडरल जमीन २ टक्केसुद्धा नाही.

नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन दिसतात ते काय आहे? आणि हे कॉर्नर क्रॉसिंग?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यावर सगळ्यात जास्त भांडलेलो आहे.

१८६२ च्या पॅसिफिक रेल्वे कायद्यात आणि त्यानंतरच्या कायद्यांत सरकारनं रेल्वे कंपन्यांना रोख पैशाऐवजी रुळाच्या दोन्ही बाजूंना जमीन दिली, पण एकाआड एक. एक चौरस मैलाचा म्हणजे ६४० एकरचा एक सेक्शन रेल्वेला, शेजारचा सरकारकडं, परत एक रेल्वेला. रेल्वेनं आपले चौकोन पुढं विकले, ते रँचवाल्यांकडं गेले, आणि सरकारी चौकोन मध्येच अडकून राहिले. आता दोन सरकारी चौकोन एकमेकांना फक्त कोपऱ्यात टेकतात, म्हणजे नुसत्या एका बिंदूवर. त्या बिंदूवरून तुम्ही पाय टाकला तर तुमचा खांदा क्षणभर खासगी जमिनीच्या हवेतून जातो. हा गुन्हा आहे का? एवढ्याशा प्रश्नावर पश्चिमेतली ८३ लाख एकर सरकारी जमीन अडकली आहे, असा हिशोब ऑनएक्स या नकाशाच्या अ‍ॅपवाल्यांनी २०२२ मध्ये काढला.

२०२१ मध्ये मिसुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी वायोमिंगमध्ये एल्क माउंटनजवळ कोपऱ्यावर चक्क एक शिडी उभी केली, खासगी मातीला पायसुद्धा लागू नये म्हणून, आणि पलीकडं उतरले. रँचमालकानं फौजदारी लावली, त्यात २०२२ मध्ये ज्युरीनं सोडलं. मग दिवाणी दावा, जमिनीची किंमत कमी झाली म्हणून ७० लाख डॉलरच्या वर नुकसानभरपाई मागितली. २०२३ मध्ये जिल्हा न्यायालय शिकाऱ्यांच्या बाजूनं, मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटचं, म्हणजे काही राज्यांचं मिळून असलेलं, फेडरल अपील कोर्टही त्यांच्याच बाजूनं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. कोर्टानं आधार कशाचा घेतला तर १८८५ च्या कायद्याचा, जो त्या काळी मोठमोठे गुरंवाले सरकारी जमिनीला कुंपण घालून बसायचे त्यांच्याविरुद्ध केलेला होता. १४० वर्षांनी तोच कायदा चार साध्या माणसांच्या कामाला आला, हे वाचलं त्या रात्री मला खरंच भरून आलं.

म्हणजे आता कुठंही कोपरा ओलांडायचा?

नाही. तो निकाल दहाव्या सर्किटपुरता, म्हणजे वायोमिंग, कोलोरॅडो, यूटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस, ओक्लाहोमा. मोंटाना आणि आयडाहो नवव्या सर्किटमध्ये येतात आणि मोंटानाच्या वन्यजीव खात्यानं स्पष्ट सांगितलंय की इथं तो अजूनही बेकायदा धरला जातो. मी ओलांडत नाही, तुम्हीही ओलांडू नका. आणि वायोमिंगमध्येसुद्धा कोपरा नेमका कुठं आहे ते कळलं पाहिजे, सर्व्हेचा खांब दिसला पाहिजे, फोनवरचा निळा ठिपका काही फुटांनी इकडंतिकडं होतो.

याशिवाय कोपराही न टेकणारी, चारी बाजूंनी पूर्ण वेढलेली सरकारी जमीन वेगळीच. कोपऱ्यावर अडकलेली धरून २०१८ च्या मोजणीत पश्चिमेत वाट नसलेली फेडरल जमीन ९५ लाख एकर निघाली. तुमच्या-माझ्या नावावर आहे पण जायला वाट नाही. इकडं एका जुन्या काउंटी रस्त्यावर अचानक कुलूप लागलं, वीस वर्षं लोक जात होते, आम्ही गाडी उभी करून पाच मैल वळसा घालून चाललो, एक मित्र साठीचा, तो मधूनच परत फिरला. पुढच्या वर्षी तो आलाच नाही.

रँचवाल्यांची पण बाजू असेल ना?

आहे, आणि ती मनापासून ऐकली पाहिजे. गेट उघडं टाकून जाणारे, पिकात ट्रक घालणारे, गुरांच्या दिशेनं गोळी झाडणारे शिकारी मी स्वतः पाहिलेत. आणि हिवाळ्यात एल्कचे कळप रँचवरचाच चारा खातात, तो खर्च रँचवाल्याचाच. मोंटानात ब्लॉक मॅनेजमेंट नावाची योजना यासाठीच आहे, रँचवाला लोकांना शिकारीला येऊ देतो आणि त्याला लायसन्सच्या पैशातून मोबदला मिळतो, सुमारे ७० लाख एकर अशी उघडी झालेली आहे. गेटवरच्या पेटीत नाव लिहायचं, नियम वाचायचे आणि आत जायचं. पिढ्यान् पिढ्या जमीन कसणारा रँचवाला आणि बाहेरून येऊन डोंगर विकत घेऊन कुलूप लावणारा श्रीमंत माणूस, या दोघांना एकाच मापात मोजू नका.

शिकारी म्हटलं की सगळे रिपब्लिकनच ना?

आमच्या कॅम्पमध्ये एक युनियनवाला वेल्डर आहे, एक गुरांचा डॉक्टर, एक कट्टर रिपब्लिकन ट्रकवाला आणि एक कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरातली बाई जी दरवेळी डेमोक्रॅटला मत देते आणि आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला नेम धरते. बहुतेक शिकारी रिपब्लिकनकडं झुकतात, कारण बंदूक. पण जमिनीचा विषय निघाला की रेषा विस्कटतात.

२०१७ मध्ये यूटाचे रिपब्लिकन खासदार जेसन चॅफेट्झ यांनी ३३ लाख एकर विकायचं बिल आणलं. शिकारी आणि मासे पकडणारे एवढे तुटून पडले की काही दिवसांत त्यांनी ते मागं घेतलं. २०२० चा ग्रेट अमेरिकन आउटडोअर्स कायदा, ज्यानं जमीन आणि वाटा विकत घेण्याच्या फंडाला दरवर्षी ९० कोटी डॉलर पक्के केले, तो दोन्ही पक्षांनी मिळून पास केला आणि सही ट्रम्प यांची. त्याच ट्रम्प यांनी २०१७ मध्ये यूटातलं बेअर्स इअर्स हे संरक्षित राष्ट्रीय स्मारक ८५ टक्क्यांनी कापलं होतं, बायडन यांनी २०२१ मध्ये परत केलं. आणि २०२५ मध्ये ट्रम्प यांच्याच कृषिमंत्र्यांनी २००१ चा रोडलेस नियम काढायचं जाहीर केलं, ज्यामुळं जवळपास ५ कोटी ८० लाख एकर जंगलात नवे रस्ते होत नव्हते. एल्कला रस्ता सहन होत नाही, जिथं ट्रक पोचतो तिथून तो निघून जातो, हे रानात हिंडलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

डेमोक्रॅट बाजूलाही खटके आहेत. कोलोरॅडोत २०२० मध्ये लांडगे परत आणायचं जनमत अगदी थोडक्यात पास झालं, शहरांनी होय म्हटलं आणि जिथं लांडगे सोडायचे त्या पश्चिम भागानं नाही. २०२३ च्या डिसेंबरात ओरेगॉनहून आणलेले पहिले दहा लांडगे सोडले. २०२४ मध्ये तिथंच माउंटन लायनची शिकार बंद करायचा प्रस्ताव आला, तो पडला. वॉशिंग्टन राज्यात अस्वलाचा वसंतातला सीझन २०२२ पासून बंद. आमच्या ट्रकवाल्याचं म्हणणं की जमीन राहिली आणि शिकारच बंद झाली तर काय उपयोग, आणि बोल्डरच्या बाईचं म्हणणं की सीझन राहिला आणि जमीन गेली तर कुठं जाणार. मला विचाराल तर बंद झालेला सीझन पुढच्या मतदानात परत आणता येतो, विकलेली जमीन परत येत नाही. म्हणून मी पक्ष बघत नाही, जमिनीवर त्यानं आजवर मत कुठं टाकलं तेवढं बघतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात एवढा गोंधळ कशाचा होता?

यूटाचे सिनेटर माइक ली यांनी बजेटच्या मोठ्या बिलात कलम घुसवलं की अकरा राज्यांतली बीएलएम आणि फॉरेस्ट सर्व्हिसची मिळून २० ते ३० लाख एकर जमीन विकायची, कारण काय तर घरं बांधायला. मोंटाना त्यातून वगळलं होतं, आमचे खासदार गप्प बसावेत म्हणून असावं, पण इथले लोक गप्प बसले नाहीत. मोंटानाचे आणि आयडाहोचे दोन्ही सिनेटर रिपब्लिकन, तरी चौघेही विरोधात गेले. खालच्या सभागृहात तर आधीच्या फेरीत रायन झिंकी यांनी अडवलं होतं, ते ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत इंटिरिअर खात्याचे, म्हणजे इथं जमिनीच्या खात्याचे, मंत्री होते. त्या जूनमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा सिनेटरच्या ऑफिसला फोन केला, हात थरथरत होता, पलीकडच्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की आज सकाळपासून हेच फोन येतायत. २८ जूनला लींनी कलम मागं घेतलं.

घरांचा प्रश्न खोटा नाही हं. मोंटानातल्या बोझमन, आयडाहोतल्या बॉइझीमध्ये शिक्षिकेला, नर्सला घर परवडत नाही. पण शहराला लागून असलेला तुकडा लोकांना विचारून, घरांच्या अटी घालून देणं वेगळं आणि लाखो एकरांचा आकडा आधी ठरवून मग गिऱ्हाईक शोधणं वेगळं.

जमीन राज्यांना दिली तर काय बिघडलं? वॉशिंग्टनपेक्षा राज्य जवळचं की.

ऐकायला पटतं, मलाही पहिल्यांदा पटलं होतं. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी नेवाडातून ही मागणी जोरात उठली, तेव्हापासून चालूच आहे. २०२४ मध्ये यूटानं १ कोटी ८५ लाख एकर बीएलएम जमिनीसाठी थेट सुप्रीम कोर्ट गाठलं, जानेवारी २०२५ मध्ये कोर्टानं ते घेतलं नाही.

अडचण अशी की राज्याच्या जमिनीचा कायदाच निराळा आहे. राज्य होताना मिळालेली ट्रस्टची जमीन शाळांसाठी पैसे कमवायला असते, लोकांना हिंडायला नाही. कोलोरॅडोत तर ट्रस्टची जमीन वन्यजीव खात्यानं भाड्यानं घेतली असेल तरच तुम्ही आत जाऊ शकता. आणि पैसे कमवायचे म्हटलं की विकणं आलंच. नेवाडाला सुरुवातीला २७ लाख एकर मिळाली होती, त्यातली जेमतेम ३ हजार एकर उरली आहे. एका वाईट वणव्याच्या वर्षाचा खर्च छोट्या राज्याच्या अंगावर पडला तर ते काय विकेल हे सांगायला नको.

शिकारी काही पैसे भरतात की नुसते हक्क सांगतात?

भरतात. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं रायफल आणि गोळ्यांवर ११ टक्के कर आहे, पिस्तुलावर १०, आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. बदकांच्या शिकारीला १९३४ पासून डक स्टॅम्प, आता २५ डॉलरचा, पाणथळ जागा वाचवायला. पक्षी बघणाऱ्यांनीही तो घ्यावा, फार चांगलं काम आहे त्याचं.

बरं, मग राहायचं कुठं? खरं सांगा.

खरं सांगायचं तर नोकरी, शाळा, आईवडील आले तर त्यांना थंडी सोसेल का, हे आधी. मोंटानात जानेवारीत उणे तीस होतं आणि जवळ इंडियन किराणा नाही, आम्ही डेन्व्हरहून पोती भरून आणतो.

मोंटानात फेडरल जमीन टक्केवारीनं कमी, पण रायफलचा सीझन पाच आठवड्यांचा, ब्लॉक मॅनेजमेंट आहे, आणि १९८५ चा नदीचा कायदा आहे, ज्यानं नदीत उतरल्यावर उच्च पाणरेषेच्या आत तुम्हाला कुणी हाकलू शकत नाही. आयडाहोत जमीन भरपूर, डोंगर उभे, बॉइझीत टेकच्या नोकऱ्या, पण गर्दी झपाट्यानं वाढली. वायोमिंगला माणसं कमी, प्राणी जास्त, नोकऱ्या फारच थोड्या. कोलोरॅडोत मराठी मंडळ आहे, नोकऱ्या आहेत, एल्क तर सगळ्यात जास्त, पण पायवाट जिथून सुरू होते तिथं गाड्यांची रांग आणि मतपेटीतून येणारे शिकारीचे वाद. टेक्सासला आपली माणसं सगळ्यात जास्त दिसतात, डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिन, पण तिथं शिकार म्हणजे लीज, कुणाच्या तरी जमिनीचं वर्षाचं भाडं, पैसे असतील तर आत. तिथला माझा एक मित्र दहा वर्षं राहून एकदाही हरणामागं गेला नाही आणि इथं आला तेव्हा नकाशावरचा पिवळा बीएलएमचा रंग बघून विचारत राहिला की इथं खरंच कुणाला विचारायचं नाही?

नोकरी सोडून येऊ नका. आधी दोन वर्षं बाहेरचे म्हणून या, महाग पडेल, पण कळेल.

बाहेरच्यांना किती महाग पडतं आणि रहिवासी कधी होतो?

मोंटानात रहिवाशाचा एल्क टॅग २० डॉलरच्या आसपास, बाहेरच्याला कॉम्बो लायसन्स हजार डॉलरच्या वर आणि तेही सोडतीत लागलं तर. रहिवासी व्हायला मोंटानात सलग १८० दिवस, आयडाहो आणि कोलोरॅडोत सहा महिने, वायोमिंगला पूर्ण एक वर्ष. खोटा पत्ता देऊन टॅग घेऊ नका, पकडले गेलात तर लायसन्स जातं आणि इतर राज्यांतही बंदी लागते. वायोमिंगचा आणखी एक नियम फार खुपतो, बाहेरच्या माणसाला फेडरल विल्डरनेसमध्ये मोठ्या प्राण्याच्या शिकारीला गाइडशिवाय जाता येत नाही, जमीन देशाची असली तरी. पण तिथला एखादा रहिवासी ओळखीचा असेल तर तो फुकटचा परवाना काढून तुम्हाला नेऊ शकतो.

मी एच-वन-बी वर आहे, बंदूक धरू शकतो का?

हे नीट वाचा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं फेडरल कायद्यानं गुन्हा आहे, त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्यानं दिलेलं वैध हंटिंग लायसन्स. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला. ग्रीन कार्डवाल्यांना हा अडसर नाही. काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत, म्हणून इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचाराच, एका रायफलसाठी व्हिसा धोक्यात घालू नका. धनुष्यबाण या कायद्यात बंदूक धरला जात नाही, मी स्वतः ग्रीन कार्ड येईपर्यंत चार वर्षं धनुष्यावरच काढली आणि सप्टेंबरात एल्कची ती शीळ घातल्यासारखी हाक पन्नास पावलांवरून ऐकली, ते आजही विसरत नाही.

मत देता येत नाही, मग मी या वादात कशाला पडू?

मत देऊ नका, नागरिक नसताना मत दिलंत तर देशाबाहेर जावं लागू शकतं. पण बीएलएम किंवा फॉरेस्ट सर्व्हिस नियम बदलताना लोकांचं लेखी म्हणणं मागवतात, ते कुणीही देऊ शकतं. कुठल्या रानात गेलात, काय बघितलं, रस्ता झाला तर तिथं काय होईल, हे साध्या शब्दांत लिहा. तयार मजकूर चिकटवू नका, तसल्या हजार पत्रांपेक्षा एक स्वतःचं पत्र नीट वाचलं जातं. राज्याच्या वन्यजीव कमिशनच्या बैठकाही उघड्या असतात, मी व्हिसावर असतानाही मागच्या बाकावर जाऊन बसायचो.

पहिल्यांदा जायचंय, सुरुवात कुठून करू?

उन्हाळ्यातच हंटर एज्युकेशनचा कोर्स करा, मोठ्यांना तो ऑनलाइनही होतो. मग एक युनिट, म्हणजे राज्यानं शिकारीसाठी आखलेला भाग, निवडा आणि बंदुकीशिवाय दोनदा तिथं चालून या. नकाशा फोनवर ऑफलाइन उतरवून ठेवा, रानात रेंज नसते, आणि एक कागदी नकाशाही खिशात राहू द्या. मोंटानात कमरेच्या वर ४०० चौरस इंच भगव्या-नारिंगी रंगाचा कपडा सक्तीचा आहे. पहिल्या वर्षी एल्कच्या मागं लागण्यापेक्षा हरणाचा टॅग घ्या, एकट्यानं पाठीवर आणता येईल एवढं मांस असतं. एल्क पडला तर चार माणसं आणि तीन फेऱ्या लागतात, तेव्हा मला आधी कळवा, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आम्ही बहुतेक बिग हॉर्नच्या बाजूला नाहीतर मिसुरी ब्रेक्समध्ये असतो आणि तंबूत एक जागा नेहमी रिकामी ठेवतो.